उपदेश जिभेवर, नजर बहिणींच्या बाजूला

वर्षातून एकदा तरी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर उपदेश होतोच. जीभ एवढीशी, पण केवढं रान पेटवते, हे सांगून होतं. आणि पाळक कोणीही असोत, ‘चहाडी’ हा शब्द आला की त्यांची मान आपसूक डावीकडे वळते. आमच्याकडे अजून पुरुष उजवीकडे आणि बहिणी डावीकडे बसतात. उजवीकडची मंडळी तेवढा वेळ निवांत. कोणी घड्याळ बघतो, कोणी जोरात ‘आमेन’ म्हणतो.

माझी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून नगर जिल्ह्यात गेली. चहाड्या फक्त बायका करतात असं ज्याला वाटतं, त्यानं मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरबरोबर एखादी रात्र काढून बघावी. गाडी देवळापुढे लावली, डबे सोडले, गावातली दोन-चार टाळकी गप्पांना येऊन बसली, की अमक्याच्या मेव्हण्यानं बांध कसा कोरला, तमक्याच्या पोरीची सोयरीक कशानं मोडली, सगळ्याचा निकाल झोपायच्या आत लागतो. त्यात एकही बाई नसते.

तेव्हा तो अध्याय दोन्ही बाजूंच्या बाकांसाठी आहे. खरं तर तो आधी तिसऱ्याच जागेसाठी आहे. त्याचं पहिलं वचन काढून बघा. याकोब म्हणतो, बंधूंनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय जास्त कडक होणार आहे. घोड्याचा लगाम, तारवाचं सुकाणू, रानातली ठिणगी, हे सगळं त्याच्यानंतर येतं. म्हणजे जिभेचा विषय काढताना याकोबानं पहिल्यांदा बघितलं ते व्यासपीठाकडे. पहिलं वचन अलगद ओलांडून दुसऱ्यापासून उपदेश सुरू करण्याची कला बऱ्याच जणांना साधलेली आहे.

आणि त्याच्या मागचा, दुसरा अध्याय? तो तर मला कायम एसटीतच लिहिल्यासारखा वाटत आलाय. सभेत एक माणूस येतो, बोटात सोन्याची अंगठी, अंगावर झुळझुळीत कपडे. दुसरा येतो, मळक्या कपड्यांतला गरीब. तुम्ही अंगठीवाल्याला म्हणता, या, इथं चांगल्या जागी बसा. गरिबाला म्हणता, तू तिकडं उभा राहा, नाहीतर इथं माझ्या पायाशी बस. याकोब विचारतो, मग तुम्ही भेदभाव करणारे न्यायाधीश झालात की नाही?

आधी नजर फिरली, मग तोंड उघडलं. क्रम असाच असतो, आणि हा क्रम कंडक्टरइतका कोणाला दिसत नसेल. स्टँडवर गाडी लागते, दाराशी झुंबड उडते. पांढऱ्या कडक इस्त्रीला ‘या साहेब, पुढं या’ आणि डोक्यावर बोचकं असलेल्याला ‘ए, सरक मागं, ते टपावर टाक’. दोघांचं तिकीट सारखंच. तिकिटावर कुठंही लिहिलेलं नसतं की हा माणूस ‘अहो’चा आणि हा ‘ए’चा.

नोकरीच्या सुरुवातीला ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते एक जुने कंडक्टर होते. ख्रिस्ती नव्हते, माळकरी होते. बायबल त्यांनी कधी हातात धरलं नसेल. पण गाडीत त्यांच्या तोंडून ‘ए’ ऐकला नाही. आजी, मावशी, ताई, बाबा, दादा, एवढ्या पाच शब्दांवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. त्यांचं एक वागणं सांगतो. बाजाराचा दिवस, गाडी खच्चून भरलेली, आणि एका म्हातारीनं पैसे रुमालात बांधून, त्या रुमालाला गाठीवर गाठ मारून, तो कमरेला खोचलेला. गाठ काही सुटेना. मागची माणसं वैतागली, कोणीतरी ‘उतरवा तिला’ म्हणालं. हे वाकून म्हणाले, “आजी, सावकाश सोडा. तुम्हीच मारलीय ना, तुमचंच ऐकंल ती.” आणि तोवर पुढच्या तिघांची तिकिटं काढून परत आले. म्हातारी हसत होती. वैतागलेला माणूसही हसला. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायात सुरुवातीलाच आहे की मऊ उत्तरानं राग शमतो. ते वचन मला लहानपणापासून पाठ होतं. होताना बघितलं ते तिथं.

पाठ करून घेणारी आमची आई. रात्रीच्या कुटुंब प्रार्थनेत भाकरी वाढायच्या आधी प्रत्येकानं एक वचन म्हणायचं, हा घरचा नियम. नीतिसूत्रांचा चौथा अध्याय तिनं आम्हाला हात लावून शिकवला. तेविसाव्या वचनाला हात छातीवर: सगळ्यांत जास्त राखायचं ते अंतःकरण, जीवनाचे झरे तिथून निघतात. चोविसाव्याला ओठांवर बोट: वाकडं बोलणं दूर ठेव. पंचविसाव्याला पापण्यांवर: डोळे समोर सरळ बघोत. मग खाली वाकून पायांना: पावलांची वाट नीट बघून टाक, उजवीडावीकडे वळू नको. धाकटा भाऊ पायांपाशी आला की हमखास लोळण घ्यायचा आणि प्रार्थना तिथंच मोडायची. पण क्रम डोक्यात बसला. आधी अंतःकरण, मग तोंड, मग डोळे, मग पाय. याकोब घोड्याच्या लगामाचं सांगतो. आमच्या घरी घोडा कुठला, आई म्हणायची, बैलाला वेसण असते तशी बोलण्याला वेसण हवी. आणि लगेच पुस्ती जोडायची की वेसण घातलेला बैल चालतो, बसून राहत नाही. तेव्हा त्या पुस्तीचं काही वाटलं नव्हतं.

नजरेवरच्या उपदेशांबद्दल माझी एक तक्रार आहे. बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकातल्या एकतिसाव्या अध्यायाचं पहिलं वचन, मी माझ्या डोळ्यांशी करार केला आहे, मग कुमारिकेकडे मी कसा बघू, हे तरुण संघाच्या प्रत्येक शिबिरात हटकून घेतात. घ्यावंच. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूनं तर ते आणखी आत नेलंय. वाईट नजरेनं बघितलं तेव्हाच मनात व्यभिचार झाला, असं तो म्हणतो. आणि दावीद राजाचं उदाहरण आहेच. राजे लढाईला जायच्या दिवसांत हा यरुशलेमेत राहिला, संध्याकाळी अंथरुणातून उठून गच्चीवर फिरत होता, तिथून उरीया या शिपायाची बायको बथशेबा आंघोळ करताना दिसली. पहिली नजर पडली त्याला इलाज नाही. पण त्यानंतर त्यानं चौकशी केली, माणसं पाठवली, आणि शेवटी उरीयाच्या मरणाची चिठ्ठी उरीयाच्याच हाती देऊन रणावर धाडली. डोळ्यांपासून पायांपर्यंत आईचा सगळा क्रम त्या एका अध्यायात उलटा झालेला आहे.

गाडीत ही राखण फार साध्या गोष्टींत असते. उभ्या प्रवाशांनी भरलेल्या गाडीत कंडक्टरला बायकांमधून वाट काढत जावंच लागतं. आमच्या माळकरी गुरूंनी शिकवलेलं असं: खांद्याला हात लावून तिकीट विचारायचं नाही, तिकिटाला भोक पाडायचा पंच दांडीवर टकटक वाजवत यायचं. आवाज आधी पोचला पाहिजे, माणूस नंतर. म्हणजे बाई आवरून उभी राहते, बाजूला होते, तिला दचकायला होत नाही. नजर तिकिटाच्या ट्रेवर आणि पैशांवर. पुढं ट्रे गेले, मशीन आलं, पंच हातातून सुटला. मी तरी दांडीवर नाणं वाजवत राहिलो. नवी पोरं हसायची.

पण तक्रार ही, की शिबिरात ईयोबाचं पहिलं वचन वाचून पुस्तक मिटतात. तो अध्याय चाळीस वचनांचा आहे! डोळ्यांशी केलेला करार ही नुसती सुरुवात. तिथून ईयोब एखादं प्रतिज्ञापत्र लिहावं तसा एकेक बाब मांडत जातो. मी कपटाच्या मागं धावलो असेन तर मला खऱ्या तराजूत तोला. माझ्या गड्याचा किंवा मोलकरणीचा माझ्याशी तंटा झाला तेव्हा त्यांचं म्हणणं मी झिडकारलं असेन तर... मला आईच्या पोटात ज्यानं घडवलं त्यानंच त्यालाही घडवलं ना? माझा घास मी एकट्यानंच खाल्ला असेल आणि अनाथाला दिला नसेल तर. अंगावर पांघरूण नाही म्हणून कोणी मरायला टेकलेला मी नुसता बघितला असेल तर. वैऱ्याचं वाटोळं झालं म्हणून मला आनंद झाला असेल तर. आणि मध्ये एक वचन असं आहे की ते वाचताना मी थांबतोच: मी विधवेचे डोळे शिणवले असतील तर.

बघा, पहिल्या वचनात स्वतःचे डोळे आणि सोळाव्यात तिचे. वाट बघून बघून शिणलेले. कचेरीच्या बाकावर पेन्शनच्या कागदासाठी बसलेल्या बायांचे डोळे ज्यानं बघितलेत त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपली नजर खाली ठेवली म्हणजे काम झालं, असं ईयोब म्हणत नाही. समोरचीला ताटकळत ठेवलंस का, हाही त्याच करारातला प्रश्न आहे.

नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात परमेश्वराला वीट आणणाऱ्या सात गोष्टींची यादी आहे. लबाड जीभ, निरपराध्याचं रक्त पाडणारे हात, वाईट बेत करणारं मन, वाईटाकडे धावणारे पाय, खोटा साक्षीदार, भावाभावांत भांडण लावणारा. यात मी सहाच सांगितल्या. राहिलेली सातवी यादीत सगळ्यांत पहिली आहे: उन्मत्त डोळे. वासनेचे नव्हेत, उन्मत्त, वरून खाली बघणारे. शर्टाची कॉलर आणि पायातली चप्पल बघून माणसाची किंमत करणारे. यावर शिबिर घेतलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

आता पुन्हा जिभेकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथं अडलंय.

स्तोत्र १४१ मध्ये दावीद मागतो की परमेश्वरा, माझ्या तोंडावर पहारा बसव, माझ्या ओठांचं दार सांभाळ. दार. ज्याला पहारा म्हणतो तो दारावर असतो, आणि दार उघडायलाही असतं. नुसतं बंदच ठेवायचं असतं तर भिंत मागितली असती. पण आमच्या लोकांनी, आणि खास करून बहिणींच्या बाजूला बघून उपदेश करणाऱ्यांनी, जिभेची राखण म्हणजे गप्प बसणं असं पक्कं करून टाकलंय. ‘फार बोलण्यात पाप चुकत नाही’ हे नीतिसूत्रांतलं वचन घराघरांत माहीत आहे, सासूनं सुनेला ऐकवण्यापुरतं तरी.

गाडीत एकदा एक आई आणि तिचा मुलगा बसले. मुलाला हाफ तिकीट लागेल असं दिसत होतं. म्हटलं, ताई, किती वर्षांचा? म्हणाली, “चार पुरी व्हायचीत.” मुलगा मोठ्यानं म्हणाला, “मी दुसरीत आहे!” आणि तिनं पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. स्तोत्रात मागितलेला पहारा तो हा नव्हे, एवढंच मनात आलं. गाडी हसली, तिनंही ओशाळून पैसे काढले. मी पोराला विचारलं, दुसरीत काय शिकवतात? पाढे, म्हणाला. मग पुढच्या स्टॉपपर्यंत दोनाचा पाढा. पोराला बोलल्याची लाज वाटू नये एवढंच मला बघायचं होतं.

ईयोबाच्या त्याच अध्यायात, सहीच्या आदल्याच वचनात, एक बाब आहे. लोकांच्या गर्दीला भ्यालो, घराण्यांच्या तिरस्काराला घाबरलो, म्हणून मी गप्प बसलो आणि दाराबाहेर पडलो नाही, असं झालं असेल तर... भीतीनं गप्प बसणं तो पापांच्या यादीत घालतो. आणि त्याच्यापुढे म्हणतो, ही माझी सही, सर्वसमर्थानं मला उत्तर द्यावं.

नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्यायही असाच अर्धा वाचला जातो. सद्गुणी स्त्री, मोत्यांहून मोलाची, पहाटे उठून घरच्यांना अन्न देणारी: हे प्रत्येक ख्रिस्ती लग्नात. पण अध्यायाची सुरुवात आहे लमुएल राजाला त्याच्या आईनं शिकवलेल्या गोष्टींची. ती माउली सांगते, जो मुका आहे त्याच्यासाठी तू तोंड उघड, दीनदुबळ्यांचा न्याय कर. तोंड उघड, असं आई मुलाला सांगते, राजा असलेल्या मुलाला! आणि पुढं त्या सद्गुणी बाईबद्दलही लिहिलंय की ती तोंड उघडते ते शहाणपणानं. लग्नात वाचताना सव्विसावं वचन जरा हळू आवाजात जातं, असा माझा समज आहे.

आपल्याकडे हे कोणी केलं म्हणाल तर माझ्या डोळ्यांपुढे पंडिता रमाबाई येतात. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. शिकलेले पुरुष बाईच्या शिक्षणाला कसे आडवे येतात ते सांगितलं, बायकांसाठी बाई डॉक्टर हवी म्हणाल्या. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्याही नव्हत्या, बाप्तिस्मा पुढच्या वर्षी, इंग्लंडमध्ये. आणि याच बाईंनी आयुष्याच्या शेवटी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. बायबलात बाईला गप्प बसवणारी वचनं शोधणाऱ्यांनी, एका बाईनं ती सगळी एकहाती मराठीत लिहून काढली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

पण बोलायचं कसं, हेही शिकावं लागतं. नाथान संदेष्टा दाविदाकडे गेला तो ‘पापी माणसा’ म्हणत गेला नाही. त्यानं गोष्ट सांगितली. एका गरिबाची एकुलती एक मेंढी, त्याच्याच ताटातलं खायची, त्याच्याच वाटीतलं प्यायची, लेकीसारखी, आणि शेजारच्या श्रीमंतानं पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद संतापला, आणि मग नाथाननं चार शब्द टाकले: तो माणूस तूच आहेस. राजासमोर हे बोलणं म्हणजे मानेवर सुरी. तरी एक शब्द कमी नाही, जास्त नाही.

आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात. त्यांच्याकडून मी हे बघितलंय. प्रार्थना सभेत एक प्रकार चालतो, जो आमच्या लोकांना सांगायला नको. प्रार्थनेची विनंती म्हणून चहाडी. ‘अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करायला हवी, काय आहे ना, ती हल्ली पुण्याला...’ आणि सगळे पुढं सरकून बसतात. चेहरे एकदम भाविक होतात. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात म्हटलंय की चहाडखोराचे शब्द मिष्टान्नासारखे, थेट पोटात उतरतात. आणि त्याच्या जरा आधी: लाकडं संपली की आग विझते, चहाडखोर नसला की भांडण मिटतं.

त्या संध्याकाळी एका बंधूंनी (हो, बंधूंनीच) अशीच एक विनंती सुरू केली. “...ती हल्ली पुण्याला” इथवर आले, आणि बाई म्हणाल्या, “पुढचं देवाला ठाऊक आहे. डोळे मिटा.” आणि लगेच प्रार्थना सुरू केली. लांब नाही, दोन-तीन वाक्यांची. त्या मुलीला सांभाळ, तिच्या आईबापाला धीर दे, आणि आम्हाला तिच्या दाराशी जायला पाय दे. आमेन. त्या बंधूंचं अर्धं वाक्य तसंच हवेत राहिलं. दुसऱ्या दिवशी बाई एकट्या त्या घरी जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही, आणि विचारायची कोणाची टाप नाही.

पायांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं सांगण्यापेक्षा करण्याचंच जास्त. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतो. माणूस झोपतो, विसरतो, उतरून जातो. आमचे माळकरी गुरू शेवटच्या स्टॉपच्या आधी गाडीभर फिरून ओरडायचे, “बाकी कोणाची राहिलीय? तिकीट उलटं करून बघा!” मागायला कोणी येईल याची वाट बघायची नाही. त्यासाठी ते सुट्या नाण्यांचं वेगळं पाकीट ठेवायचे. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, असं नीतिसूत्रांत आहे. त्यांचा तराजू त्या पाकिटात होता.

निवृत्तीनंतर आता माझा सगळा बोलण्याचा व्यवहार मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. तिथं माझं मत विचाराल तर नीतिसूत्रांचं २७:१४ हे वचन सर्वांनी पाठ करावं. त्यात लिहिलंय की भल्या पहाटे उठून जो मित्राला मोठ्या आवाजात आशीर्वाद देतो, त्याचा आशीर्वाद शापच समजला जाईल. तीन हजार वर्षांपूर्वी मोबाइल नसताना हे कसं सुचलं असेल, नीतिसूत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या शलमोन राजाच्या शहाणपणाबद्दल मला त्यामुळे शंका उरलेली नाही. आमच्या ग्रुपवर पहाटे पाचपासून गुलाब, सूर्योदय आणि ‘सुप्रभात, देव आशीर्वाद देवो’ सुरू होतात. एका रात्री धीर करून मी ते वचन ग्रुपवर टाकलं, खाली एक शब्दही न लिहिता. नाथानची पद्धत. बऱ्याच जणांनी हात जोडले, दोघांनी ‘आमेन’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास फोन वाजला. तेच वचन, मागं मोठा सूर्योदय, कडेनं गुलाब, आणि खाली ‘सुप्रभात’.